रीस्टार्ट होईपर्यंत कोणी उठायचं नाही

आमच्या घराण्यात स्वस्थ बसलेला माणूस कोणी पाहिलेला नाही. पणजोबांचा एकच फोटो आहे आणि त्यात ते दोनदा आलेत. फोटोवाला म्हणाला, "हलू नका," आणि तेवढ्यात त्यांना आठवलं की दुकानाची कडी लावायची राहिली. ते जाऊन लावून आले, तोवर फोटो निघतच होता. एक बसलेले आणि एक निघालेले असे दोन्ही पणजोबा आजही भिंतीवर आहेत, आणि निघालेले जास्त स्पष्ट आहेत. आजोबांना डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, त्या धक्क्यातून ते सावरलेच नाहीत. आमच्या घरातल्या खुर्च्या बसायच्या जागी कोऱ्या असतात, झिजतात त्या पायांकडून. मांजरसुद्धा आमच्याकडे उभ्याने झोपतं. खोटं वाटत असेल तर मांजराला विचारा.

म्हणून धंदा बुटांचा. ज्यांच्या पायाला भिंगरी त्यांनी आणखी काय विकावं? माझा धाकटा भाऊ, ज्याला सगळा रस्ता मास्तर म्हणतो, तो वेगळ्या पायांसाठी बूट करतो. एक पाय आखूड, एक टाच वाकडी, बोटं कमी, बोटं जास्त, सगळ्यांना त्याच्याकडे दार उघडं. मी त्याचा थोरला भाऊ. दुकानात मला काम नाही, पण स्टूल आहे.

पुढे दुकान, आत कामाची खोली. कामाच्या खोलीला मागच्या गल्लीकडे मोठमोठ्या काचा, त्यामुळे दिवसा दिवा लागत नाही. दाराशी भिंतीवर एक लाल खटका आहे. त्याची कथा अशी, की एकदा मास्तर गोंदाची शेगडी चालू ठेवून "आलोच" म्हणून गेला आणि आमच्या घराण्याच्या रीतीने आला, म्हणजे दुसऱ्या दिवशी. फळी जळली, फळीवरचे बूट जळले, आणि एक जोडी, शपथेवर सांगतो, स्वतःच्या पायांनी बाहेर पडली. तेव्हापासून खोलीतली सगळी वीज त्या एका खटक्यावर, आणि घरात एक नियम: गेला की मालव. बाहेर पडताना खटका खाली, आत येताना वर. नव्या सुनेला आमच्याकडे आधी हा नियम शिकवला आणि मग सासूबाई काय नावाने हाक मारतील ते. गिऱ्हाइकंसुद्धा शिकली. हळूहळू नियम डोक्यातून उतरून हातात जाऊन बसला. आत कोणी काम करत असलं तरी जाणाऱ्याचा हात खटका पाडूनच जाई, आणि कोणाचं काही बिघडतही नसे. शिलाई हाताची, शिलाईचं यंत्र पायाचं. रबर कापणारा कटर नंतर आला, त्याला बाहेरून वेगळी तार.

कॉम्प्युटर मात्र वरच्या मजल्यावर होता. तो सूनबाईचा.

सूनबाई दुसऱ्या मुशीतली. तिच्या माहेरची माणसं बसली की बसतात. तिचे वडील बाकावर बसून राहिले तर चिमण्या अंगाखांद्यावर उतरतात म्हणे. लग्न ठरलं तेव्हा मीच मास्तरला म्हणालो होतो, "अरे, ही मुलगी आपल्यात टिकायची नाही, हिला एकाच जागी दोन्ही पाय ठेवता येतात." पण टिकली. वर बसून ती पडद्यावर बुटांचे नमुने आखायला लागली. मास्तर कागदावर आखायचा. तो रोज जिन्याखालून ओरडायचा, "कागद कधी बंद पडतो का गं?" आणि ती वरून म्हणायची, "नाही बाबा, कागद फक्त हरवतो."

आता ही टपालवाली.

ती टपाल वाटायची. अपघातात डावा पाय आखूड झाला, आणि तेव्हापासून तिला कचेरीत शिक्के मारायला बसवलेलं. बसवलेलं! आमच्या घरात ही हकीकत ऐकून मास्तरीणबाईंच्या, म्हणजे मास्तरच्या बायकोच्या, डोळ्यांत पाणी आलं. मास्तरने तिला एकामागून एक बूट करून दिले. बूट देखणे, चाल लंगडी. ती गल्लीत शिरली की आधी आवाज यायचा, ठक आणि टक, ठक आणि टक, दोन निरनिराळ्या माणसांचे पाय एकाच बाईला लावल्यासारखा. मग सूनबाईने ते काम वर नेलं. तिने टपालवालीला गल्लीभर चालवलं, व्हिडिओ काढले, आणि डाव्या बुटाच्या तळव्याला थरावर थर असे आखले, की प्रत्येक थराचा उतार निराळा. आठवड्याला थोडं घासायचं, पुन्हा चालवायचं. काल पुठ्ठ्याचे थर बुटाखाली चिकटवून पाहिले, तेव्हा टपालवाली चार पावलं आवाजाशिवाय चालली आणि मटकन बसून रडली.

उद्या सकाळी तिची चालण्याची परीक्षा होती. खांद्यावर पिशवी, मागे साहेब, आणि पुरी फेरी. पास झाली तर रस्ता परत, नाहीतर शिक्के. सूनबाईने तिचा हात धरून सांगितलं होतं, "संध्याकाळी या, बूट तयार असेल." बूट तयारच होता, फक्त डावा तळवा कापायचा होता. सकाळी उठून तिने पुठ्ठ्यावरून शेवटची मापं पडद्यावर चढवली आणि रबर आणायला बाजारात गेली. ती जाताच मास्तरीणबाईंनी पुठ्ठा टाकून दिला. त्या रिकाम्या बसू शकत नाहीत, म्हणून आवरतात.

आणि चक्री होताच.

चक्री म्हणजे माझा पुतण्या, सूनबाईचा नवरा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण त्याच्या आधी झाली एवढंच, नाहीतर लोकांनी त्याच्यावरूनच केली असती. त्याला वाटलं, बायकोला खूश करावं. तिची तक्रार असायची की कॉम्प्युटर मुंगीच्या पावलाने चालतो आणि वर-खाली करून पाय दुखतात. तेव्हा त्याने तो डबा, पडदा, तारा सगळं उचलून खाली कामाच्या खोलीत कटरशेजारी आणलं, भिंतीतल्या प्लगात खुपसलं, आणि रीसेटला लावलं.

सूनबाई रबराची गुंडाळी काखेत घेऊन दारात आली तेव्हा पडद्यावर ठिपक्यांचं एक कडं गरगरत होतं.

"हे काय?"

"सरप्राईज!" चक्री म्हणाला. "नवाकोरा करतोय तुला."

"मला?"

"कॉम्प्युटर गं!"

गुंडाळी तिच्या काखेतून खाली आली. "रीसेट? तू आतल्या फायली ठेव म्हणालास की सगळं पूस म्हणालास?"

"ते... काहीतरी विचारत होता."

"मग तू काय दाबलंस?"

"पुढे."

"त्याच्या आधी?"

"पुढे. अगं, ते सगळे तेच विचारतात, पुढे जायचं का. मी म्हटलं जा बाबा."

"चक्री, टपालवालीचा तळवा फक्त आत आहे. मी कॉपी काढलेली नाही. रबर आणून काढणार होते."

हे ऐकून चक्रीचा चेहरा असा झाला की मला स्टूल पुढे सरकवावं लागलं. तो बसला आणि लगेच उठला. "मी पाणी घेऊन येतो तुला," म्हणून पळाला. पडदा काळा झाला.

"बंद पडला!" मी म्हणालो.

"रीसेट करताना तो आपला आपण बंद होऊन चालू होतो," सूनबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. तिची दाराकडे पाठ होती. माझीही होती. "होईल चालू."

झालाही. चक्री पाणी घेऊन आला आणि पडद्यावर जीव आला. ठिपके फिरले. खाली अक्षरं आली, की दुरुस्तीची तयारी चालू आहे.

"दुरुस्ती कसली? बिघडलं काय?" मास्तर पुढच्या दुकानातून डोकावला. हातात अर्धा बूट, तोंडात खिळे. त्याला सगळं सांगितलं. तो खिळ्यांतूनच म्हणाला, "कागद कधी..." सूनबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्याने खिळे आणि उरलेलं वाक्य दोन्ही तोंडातच ठेवलं.

पडदा निळा झाला. तुमचा कॉम्प्युटर नीट सुरू होऊ शकला नाही, असं त्यावर लिहून आलं, आणि खाली पर्याय. सूनबाईने कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर तारा ओढत होता. फोनमध्ये वारा जास्त आणि तो कमी.

"रिकव्हरीत गेलाय ताई," तो म्हणाला. "मधे वीज गेली होती का?"

"नाही. वीज आहे."

"हा सुरू होता होता मधेच बंद पडला ना, की त्याला वाटतं आपण आजारी आहोत. मग तो धड चालतच नाही, नुसता स्वतःला तपासत बसतो. ट्रबलशूटमध्ये जा, मग ॲडव्हान्स्ड, मग स्टार्टअप रिपेअर. आणि मग हात लावू नका. तासभर लागो, दोन लागोत, कोणी हात लावायचा नाही. कळलं?"

सूनबाईने सांगितलं तसं केलं. डबा आतल्या आत घुमायला लागला. एव्हाना मास्तरीणबाईही येऊन ठेपल्या होत्या, आणि आमच्यातला प्रत्येक जण अंगातल्या मुंग्या आवरत उभा होता. तेवढ्यात पुढच्या दुकानात गिऱ्हाईक खाकरलं. मास्तर "आलोच" म्हणून गेला.

पडदा काळा.

"आई गं," सूनबाई म्हणाली.

मास्तर परत आला, पडदा उजळला, आणि पुन्हा पहिल्यापासून: दुरुस्तीची तयारी, ठिपके, निळं पान. सूनबाईने पुन्हा स्टार्टअप रिपेअर लावलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, "मी जरा वरचे कपडे काढून आणते, ऊन गेलं तर..." आणि त्या गेल्या. काळा. आल्या, उजळला. मधे एकदा कोणी उठलंही नाही आणि तो नीट चालत राहिला, ते कोणी लक्षात घेतलं नाही, कारण नीट चाललेली गोष्ट आमच्या घरात कोणी बघत नाही.

पण मास्तरीणबाईंच्या डोक्यात ठिणगी पडली. त्यांनी कपड्यांचा ढीग कटरवर टाकला.

"माझ्या लक्षात आलंय," त्या म्हणाल्या. "मी गेले की हा मरतो. मी आले की जिवंत होतो."

"म्हणजे?" मास्तर म्हणाला.

"म्हणजे पायगुण! मी या घरात आले तेव्हा तुमच्या शिलाईच्या यंत्राचंही असंच झालं होतं."

"ते यंत्र तू आल्यावर बंद पडलं होतं."

"पण माझ्या पायानेच ना!"

"पायगुण असेल तर माझा," मास्तर म्हणाला. "मी गिऱ्हाइकाकडे गेलो तेव्हाही हा गेला. मी आलो, हा आला. विचारा दादाला."

मला विचारलं की मी खरंच सांगतो. "चक्री पाण्याला गेला तेव्हाही गेला होता," मी म्हणालो. "मला वाटतं यंत्राला सगळं कुटुंब समोर लागतं. काही पाहुणे असतात असे मानाचे. एक जण पानावरून उठला की तेही उठतात."

"मोठे काका!" सूनबाई म्हणाली. तिचा आवाज एरवी विहिरीसारखा, खोल आणि थंड. आज त्यात बादली आपटत होती. "ती बाई संध्याकाळी येणार आहे. तुम्हाला गंमत सुचते?"

पण चक्रीने ते उचललं. त्याने विचार केला, म्हणजे खोलीत दोन चकरा मारल्या, आणि म्हणाला, "काका म्हणतात ते खरं असो नसो. कोणी गेलं की बंद पडतो, एवढं तर दिसतंय ना? मग कोणी जायचंच नाही. हलायचंच नाही!"

सूनबाईने सासूकडे, सासऱ्याकडे, नवऱ्याकडे आणि माझ्याकडे पाहिलं. एका वाघाला आणि तीन माकडांना 'जरा बसा' म्हणताना माणूस पाहील तसं.

"जमेल?" ती म्हणाली.

"न जमायला काय झालं?" मास्तर म्हणाला. "बसायचंच तर आहे."

दुकानाचं दार लावून आम्ही बसलो. सूनबाईने स्टार्टअप रिपेअर लावलं, हात मांडीवर घेतले आणि बूड टेकवलं.

बसणं किती अवघड असतं ते ज्यांना येतं त्यांना कळायचं नाही. पहिल्यांदा मास्तरचा उजवा पाय हलायला लागला. नुसता पंजा. मग गुडघा. मग त्याच्या स्टुलाखालची फरशी. मास्तरीणबाईंनी कपड्यांच्या घड्या घातल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या, आणि मोज्याचीसुद्धा चौकोनी घडी घालून दाखवली. चक्री हाताच्या बोटांवर चालायला लागला, म्हणजे दोन बोटं टेबलावर ठेवून ती चालवायला लागला. टेबलाच्या टोकाला गेली की वळवायची, परत आणायची. मला जागच्या जागी घाम फुटला, आणि दिवस थंडीचे. बाहेर कोणीतरी दुकानाचं दार ठोठावलं. चौघांची चार बुडं एकदम वर आली.

"बसा," सूनबाई म्हणाली. बुडं खाली आली. ठोठावणारा गेला.

पण डबा चालला. निळं पान गेलं. नवं पान आलं, की हा कॉम्प्युटर रीसेट होतो आहे, आणि पुढे टक्के. आकडा थोडा वाढला. थांबला. आमचे श्वास थांबले. पुन्हा वाढला. फोनवर कॉम्प्युटरवाला म्हणाला, "छान! अर्ध्यावर तुटलं होतं तिथून धरलं त्याने. आता तुटू देऊ नका. आता तुटलं ना ताई, तर मग माझ्याही हातात नाही."

"तरी तुम्हाला सांगतो," मास्तर कुजबुजला, "पायगुण माझाच."

"गप्प बसा हो. आकडा बिचकेल."

आता या वेळी सूनबाई एक गोष्ट निराळी करत होती. ती पडद्याकडे बघत नव्हती. तिने स्टूल फिरवलं होतं आणि ती सासऱ्याकडे बघत होती. वर्षं नाही, पण बरेच महिने तिने या घरात काढले होते. आधी कोण फुटणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मास्तरच्या कपाळावरची शीर उडत होती. त्याने ओठ आवळले. मान वाकडी केली. सरळ केली. खिशातून खिळा काढला, दातांत धरला, परत ठेवला. आणि मग तो उठला. उठला म्हणणं बरोबर नाही, त्याला आतून कोणीतरी उठवलं. "पाय झोपला माझा," तो म्हणाला, "एकच चक्कर, दुकानाचं कुलूप बघून..." आणि त्याचं वाक्य खोलीत आणि तो दारात.

"अहो!" मास्तरीणबाई किंचाळल्या.

"बाबा!" चक्री किंचाळला.

"बाबा, हात!" सूनबाई म्हणाली.

ती किंचाळली नाही. पण तो जागीच थिजला. एक पाय उंबऱ्यावर, डावा हात वर, आणि त्या हाताचं बोट लाल खटक्यावर.

मास्तरने मान वळवून आपल्या हाताकडे पाहिलं. आपल्या घरात एखादा अनोळखी माणूस टॉवेल गुंडाळून फिरताना दिसावा तसं पाहिलं.

"हा इथे कधी गेला?" तो म्हणाला.

"दाबू नका," सूनबाई म्हणाली. "ओढूही नका. सावकाश उचला."

"दाबलंय की नाही ते कळत नाहीये गं मला."

"नाही दाबलेलं. पडदा चालू आहे. उचला."

बोट वर आलं. आकडा पुढे सरकला. मास्तर दाराला टेकून तसाच खाली बसला, उंबऱ्यावर. माझ्या स्मरणात तो फरशीवर बसल्याची ती पहिली वेळ.

मग काय गोंधळ! काखेत कळसा आणि गावाला वळसा. "म्हणजे मी कपड्यांना गेले तेव्हा..." "मी पाण्याला गेलो तेव्हा..." "गिऱ्हाईक खाकरलं तेव्हा तुम्ही!" "आणि परत येताना वर!" प्रत्येक जण दुसऱ्याची खेप दाखवत होता. मी कोणत्या खेपेला उठलो होतो ते मला आठवत नाही, आणि आठवलं तरी इथे लिहिणार नाही.

"म्हणजे यंत्राला काही झालंच नव्हतं?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"काही नाही, आई," सूनबाई म्हणाली. "धड उठूच दिलं नाही आपण त्याला. दर वेळी अर्ध्या झोपेत मारत होतो, आणि वर विचारत होतो, आजारी आहेस का."

"पायगुणाचं काय मग?"

"पायगुण नाही. हातगुण."

मास्तर रांगत रांगत भिंतीपाशी गेला, चपला-बुटांच्या ढिगातून एक जुना लांब बूट काढला, आणि कधी नव्हे ते खोलीच्या आतच राहून तो बूट लाल खटक्यावर खिळ्यांनी ठोकला. तोंड वर, तळवा बाहेर. आता खटक्याकडे जाणारा हात बुटात जाई. ठोकताना तो आकड्याकडे बघत एकेक खिळा इतका हळू मारत होता की जणू भिंत झोपली आहे.

यथावकाश डबा उठला. पडद्यावर सूनबाईचं ते डोंगराचं चित्र नव्हतं, कंपनीचं कोरं निळं आकाश होतं. ते बघून चक्रीने डोळे मिटले. सूनबाईने फोल्डर उघडलं.

"आहे," ती म्हणाली.

चक्रीने फायली ठेव दाबलं होतं. समजून नव्हे. त्याला पहिलं जे दिसेल ते दाबायची सवय, आणि ते पहिलं होतं. तो उड्या मारणार एवढ्यात ती म्हणाली, "थांब. फाईल आहे, पण ती उघडणारा प्रोग्राम गेला. रीसेटमध्ये फायली राहतात, प्रोग्राम जातात."

"म्हणजे?"

"म्हणजे तो पुन्हा उतरवून घालायचा. म्हणजे..." आणि तिने आमच्याकडे पाहिलं.

आम्ही बसलो. कोणी सांगायच्या आधी बसलो. सूनबाईने आधी फाईल पेनड्राइव्हवर घेतली आणि तो खिशात टाकला, मग प्रोग्राम लावला. मास्तर उंबऱ्यावर, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून. मास्तरीणबाईंनी कपड्यांच्या घड्या एकदाच घातल्या. त्या दिवशी कोणी फोटो काढला असता तर आम्ही सगळे एकेकदाच आलो असतो.

कटर किंचाळला तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. थर एकेक पडत गेले. ते चिकटवायला मास्तर बसला, आणि इथे मला त्याचं कौतुक सांगावंच लागेल. त्याने सुनेला विचारलं, "कुठला वर, कुठला खाली?" आणि तिने सांगितलं तसेच लावले. कागदाचं नाव काढलं नाही. थर दाबून धरायचे असतात. तो धरून राहिला, दोन्ही हातांनी, गोंद वाळेपर्यंत, आणि त्याचा पाय हलला नाही.

ठक आणि टक ऐकू आलं. टपालवाली जुन्या बुटांत आली. दारातच तिने विचारलं, "झाला?" तिने ते असं विचारलं की नाही म्हटलं असतं तर ती काही बोललीही नसती, नुसती वळली असती.

"झाला," सूनबाई म्हणाली.

तिने बूट घातले. उभी राहिली. भिंतीचा आधार सोडला. कामाच्या खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मी कान लावले होते. मास्तरने डोळे मिटून घेतले होते, तो चाल कानाने बघतो. काही आलं नाही. म्हणजे पावलं आली, पण एकाच बाईची.

"अजून एकदा," सूनबाई म्हणाली.

ती परत चालली, आणि मग हसायला लागली, आणि हसत हसतच "येते हं, सकाळी लवकर निघायचंय," म्हणत दाराकडे वळली. बाहेर पडता पडता तिचा हात आपोआप भिंतीकडे गेला आणि कोपरापर्यंत बुटात शिरला. तिने तो बाहेर काढला आणि आमच्याकडे पाहिलं.

"हे काय?"

"नियम बदलला," मास्तर बसल्या बसल्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी परीक्षेचं असं झालं की मागे चालणारा साहेब फेरीच्या मध्यावरच एका पायरीवर बसला आणि म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी मानलं." हे मी पाहिलेलं नाही, पण साहेबाच्या टाचेचं माप आता आमच्याकडे आहे, तेव्हा खोटं कसं म्हणू?

एक त्रास मात्र झाला. पूर्वी टपालवाली गल्लीच्या तोंडाशी असतानाच कळायचं. आता ती कधी आत येते ते कोणालाच कळत नाही. मास्तर दर वेळी दचकतो. वर बघावं तर ती निघून गेलेली असते, आणि भिंतीवरच्या बुटातून आमची पत्रं डोकं काढून बघत असतात.